वजनांची वही: कॅचवेटचं पान

बॉक्सिंगच्या सतरा वजनगटांचा तक्ता झाला, म्हणून या महिन्यात कॅचवेटला, म्हणजे दोन्ही बाजूंनी करारात ठरवलेल्या वजनांना हात घातला. तक्ता सरळ आहे: व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सगळ्यांत खाली १०५ पौंडांचा मिनिममवेट, वर २०० पौंडांचा क्रूझरवेट आणि त्यापुढे हेवीवेटला मर्यादाच नाही. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने २०२० मध्ये आणलेला २२४ पौंडांचा ब्रिजरवेट मी समासात ठेवलाय, कारण सगळ्या संघटनांच्या मिळून चालणाऱ्या तक्त्यात तो बसत नाही.

खरी गंमत करारात आहे. गटाची मर्यादा ही कमाल. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर त्याखालचा किंवा दोन गटांच्या मधला कुठलाही आकडा लिहिता येतो. प्रत्येक लढतीसमोर मी तीन गोष्टी मांडल्या: पट्ट्याची (म्हणजे जगज्जेतेपदाच्या गटाची) मर्यादा, करारातला आकडा आणि काट्यावर दोघांचं प्रत्यक्ष वजन. शेजारीशेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं की आकडा दोघांना एकच असतो, पण तो जाचतो बहुतेक वेळा एकालाच.

नोव्हेंबर २००९ ची पॅक्वियाओ-कोटो लढत घ्या. पट्टा कोटोचा, डब्ल्यूबीओ संघटनेचा वेल्टरवेट, मर्यादा १४७. करारात १४५. कोटो भरला बरोबर १४५, पॅक्वियाओ १४४. आदल्याच वर्षी १३५ पौंडांत पट्टा जिंकलेल्या पॅक्वियाओला १४५ ची काय चिंता! ते दोन पौंड एकट्या कोटोच्या अंगातून गेले. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. पॅक्वियाओ त्या रात्री इतका वेगवान होता की १४७ वरही तोच जिंकला असता असं मला वाटतं, पण पूर्ण १४७ वर काय झालं असतं, हा कोटोच्या चाहत्यांचा प्रश्न कायम राहिला.

पुढच्या वर्षी मार्गारितोविरुद्ध तर रिकामा डब्ल्यूबीसी पट्टा १५४ पौंडांचा, करार १५० चा, मार्गारितो १५० वर आणि पॅक्वियाओ १४४.६ वर. म्हणजे वेल्टरवेटमध्येही सहज बसणारा माणूस वरच्या गटाचा पट्टा घेऊन गेला. २०१३ ला मेवेदर-कनेलोत करार १५२ चा: कनेलो १५२, मेवेदर १५०.५. पुन्हा तेच चित्र. माझं ठाम मत झालंय: पट्टा पणाला असेल तर गटाची पूर्ण मर्यादा मिळालीच पाहिजे. पट्टा नसेल तर हवा तो आकडा ठरवा.

करार मोडला तर? सप्टेंबर २००९ मध्ये मार्केझविरुद्ध १४४ ठरलं होतं, मेवेदर १४६ भरला आणि ६ लाख डॉलर देऊन मोकळा झाला. लढत झालीच. श्रीमंत बाजूला दंड परवडतो, म्हणून दंडाचा रकानाही आता वाढवलाय.

वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे रात्रभरात पाणी-जेवणाने बॉक्सर बराच फुगतो. त्यावर लगाम म्हणून आयबीएफ ही संघटना पट्ट्याच्या लढतीआधी सकाळी पुन्हा काट्यावर उभं करते. मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त चालत नाही. एप्रिल २०२३ च्या डेव्हिस-गार्सिया लढतीत तेच कलम खासगी करारात आलं: आधी १३६, मग सकाळी जास्तीत जास्त १४६. जाच अर्थातच उंच्यापुऱ्या गार्सियाला.

पुढचं पान ऑलिंपिकचं. तिथे करार नाही, आहे त्या गटात बसायचं. २०१२ ला लंडनमध्ये महिलांना ५१, ६० आणि ७५ किलो एवढे तीनच गट होते; ४८ किलोची जगज्जेती मेरी कोम म्हणूनच ५१ मध्ये उतरली आणि कांस्य घेऊन आली.