एक पोर्ट, दोन नोंदी

आजची जवळजवळ सगळी दुपार एका आकड्यामागे गेली. टेराफॉर्म या सर्व्हर उभारणाऱ्या साधनातील सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे बाहेरून काय आत येऊ द्यायचे याच्या नियमांत, आम्ही ॲप्लिकेशनचा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ८०८० वरून ८४४३ केला होता. अँसिबल या सर्व्हरवर ॲप्लिकेशन बसवणाऱ्या साधनाच्या व्हेरिएबल्समध्ये मात्र जुनाच आकडा राहिला, त्यामुळे सर्व्हर व्यवस्थित चालू असूनही बाहेरून कोणालाच त्याच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. दोन्ही साधने आपापल्या नोंदीप्रमाणे बरोबरच वागत होती, म्हणून चूक सापडायला तीन तास लागले. (त्यातला एक तास मी विनाकारण डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर, संशय घेण्यात घालवला.)

संध्याकाळी आम्ही पोर्टसारखी आधीच ठरलेली मूल्ये एका सामाईक यामल फाइलमध्ये (मूल्ये साध्या मजकुरात लिहिण्याचे स्वरूप) हलवली. टेराफॉर्म ती यामलडिकोड या फंक्शनने वाचते आणि अँसिबलच्या प्लेबुकमध्ये (करायच्या कामांच्या फाइलमध्ये) तीच फाइल थेट जोडता येते. आयपी पत्ता मात्र सर्व्हर तयार झाल्यावरच कळतो, त्यामुळे तो टेराफॉर्मच्या आउटपुटमधून जेसन या प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या रूपात काढून अँसिबलच्या इन्व्हेंटरीला, म्हणजे सर्व्हरांच्या यादीला, द्यावा लागतो. येथे एक धोका आहे, जो मला स्वतःला उशिरा कळला: 'सेन्सिटिव्ह' अशी खूण केलेले मूल्य पडद्यावर एरवी झाकले जात असले, तरी जेसनमध्ये ते उघडेच छापले जाते. म्हणून पासवर्ड आम्ही या वाटेने पाठवत नाही; ते अँसिबल व्हॉल्टमध्येच, म्हणजे कूटबद्ध स्वरूपातच, राहतील.

यामलचीही खोड आहेच. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला 'नो' हा इंग्रजी शब्द अँसिबल मजकूर म्हणून वाचत नाही, तर असत्य मूल्य मानते. उद्या सकाळी आधी सगळी अवतरणचिन्हे तपासायची आहेत.