बारसं नाही, शेक नाही

इंदुरात मराठी नाटक म्हणजे ‘सानंद’ या इथल्या संस्थेचा प्रयोग, मध्यंतरात ओळखीपाळखी आणि परतताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस. 2020 च्या टाळेबंदीत तेही गेलं. त्याच सुमारास लंडनच्या नॅशनल थिएटरनं आपली नाटकं यूट्यूबवर काही दिवस फुकट दाखवली, म्हणून रामबागेतल्या आमच्या घरी ‘फ्रँकेनस्टाइन’ लागलं. 2011 चं नाटक, दिग्दर्शक डॅनी बॉइल. मेरी शेलीची कादंबरी 1818 ची. निक डिअरनं मात्र नाटकात गोष्ट शास्त्रज्ञाकडून काढून त्यानं घडवलेल्या जिवाच्या हाती दिली आहे.

मी घाबरायच्या तयारीनं बसलो होतो. आत्या विळीवर कैऱ्या चिरत होत्या.

कातड्यासारखा ताणलेला पडदा, आत धडधड, आणि त्यातून एक उघडानागडा माणूस धपकन बाहेर पडतो. मग कितीतरी वेळ संवादच नाही. हातापायांचा मेळ नाही, उठतो, कोसळतो, घशातून नुसते आवाज. डोक्यावर हजारो दिवे भपकन पेटतात. आत्यांनी विळी आडवी केली. “अरे, अंगावर घाला काही त्याच्या! न्हाऊ नाही, शेक नाही. आणि बाप कुठं उलथलाय?”

बाप आला, आणि तोंड बघताच त्यानं पाठ फिरवली.

शेकाचं ऐकून मला हसू आलं. पण मेरीची आई तिला जन्म देऊन थोड्याच दिवसांत गेली होती. 1815 मध्ये मेरीची स्वतःची तान्ही मुलगी गेली, तेव्हा तिनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं: बाळ नुसतं गारठलं होतं, विस्तवापाशी चोळलं आणि ते जगलं. पुढच्याच वर्षी तिनं ही गोष्ट लिहायला घेतली. विद्वान विज्ञानाच्या अहंकारावर पानंच्या पानं लिहितात. आत्या सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या.

1823 साली लंडनच्या रंगभूमीवर ही गोष्ट पहिल्यांदा आली, तेव्हा पात्रयादीत या जिवाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. मेरीनं तो प्रयोग पाहिला, आणि रेघांची युक्ती तिला आवडली. आत्यांना नाही. “म्हणजे बारसंसुद्धा नाही!”

या नाटकात बेनेडिक्ट कंबरबॅच आणि जॉनी ली मिलर भूमिकांची अदलाबदल करतात. दुसऱ्या दिवशी अदलाबदलीचा प्रयोग लावला. कालचा पोरका आज बाप झालेला बघून आत्या सरसावून बसल्या. “आता बघते, हा तरी जवळ घेतो का.”

त्यानंही नाही घेतलं.