आधी आवाज सारखा करा, मग भांडा

रविवारी सकाळी काही माणसं एका खोलीत जमली आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद करून बसली, तर शेजारपाजारच्यांना शंका येणारच. इंदूरच्या रामबागेत एका मित्राच्या माडीवर आम्ही हेडफोनवाले जमतो, ते असे. चांगले हेडफोन बहुतेक ओपन बॅक, म्हणजे पाठ जाळीची. आतलं गाणं बाहेर जातं आणि बाहेरची घरघर आत येते. म्हणून पंख्याला सुट्टी. घरचे आम्हाला वेडे म्हणतात ते काही उगीच नाही.

दुसरा नियम हाताचा. पोहे येतात, वर शेव, कांदा आणि भरपूर जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला. त्याची पिवळी बोटं हेडफोनच्या करड्या मखमली पॅडवर उमटली की निघता निघत नाहीत. त्यामुळे टेबलाच्या एका टोकाला यंत्रं, दुसऱ्या टोकाला पोहे, आणि इकडून तिकडे जायचं ते बेसिनवरून.

याला बैठक म्हणावं तर सगळे एकाच सतरंजीवर, पण ज्याचं गाणं त्याच्या कानात. मधेच कुणीतरी डोळे मिटून खणखणीत ‘क्या बात है’ म्हणतो. दाद समेवर आली की भलतीकडेच, हे ठरवायला बाकीच्यांना काही मार्ग नाही.

गाव अमीर खाँसाहेबांचं, तेव्हा परीक्षेला बहुतेक तेच. १९६० च्या रेकॉर्डवरचा त्यांचा मारवा लावला की ‘स्टेज किती रुंद, वाद्यं कुठे बसली’ असं मोजणाऱ्यांची पंचाईत होते. ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही कानांत एकच. हेडफोन दोन हजारांचा असो की लाखाचा, खाँसाहेब आपल्या कवटीच्या मधोमध बसून गातात. फरक कळतो तो तंबोऱ्यात. काही हेडफोनांत जवारीचा झंकार सुटा ऐकू येतो, काहींत मागे नुसती गुणगुण उरते. आणि खाँसाहेब मंद्रात उतरले, की कोणता हेडफोन खालचे स्वर उगाच फुगवतो ते लगेच उघडं पडतं.

हेडफोनांतला हा फरक कळायला कान फार तयार लागत नाहीत. सेनहायझर कंपनीचा एचडी ६५० काढून ग्राडो कंपनीचा घातला, तर ज्याला या नादाशी काही देणंघेणं नाही त्यालाही कळेल. भांडणं होतात ती अ‍ॅम्पवरून, म्हणजे हेडफोनला जोर पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरून. ‘याच्यात जान आहे, तो मरगळलेला.’ जान बहुतेक वेळा त्याच्यात असते ज्याचं बटण जरा पुढे सरकलेलं असतं. आवाज कमी असला की कानाला खालचे स्वर कमीच ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. आवाज किंचित वाढला तरी गाणं भरल्यासारखं वाटतं आणि श्रेय अ‍ॅम्पला जातं.

आमच्यात एक काका आहेत, वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते खिशात मल्टिमीटर घेऊनच येतात. ‘आधी आवाज सारखा करा रे, मग भांडा,’ म्हणत एका सुराची फाइल लावतात आणि दोन्ही अ‍ॅम्पचे व्होल्ट जुळवून देतात. मग डोळ्यांवर पंचा बांधायचा आणि ओळखायचं. इथे भल्याभल्यांची वाचा बसते. एचडी ६५० तीनशे ओहमचा, म्हणजे विजेला त्याचा अडथळा तेवढा. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे त्याला एक व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो, म्हणजे कान किटतील इतका. हिशेब केला तर हे जेमतेम तीन मिलिवॉटच्या वर जातं, आणि अ‍ॅम्पच्या खोक्यावर वॉट छापलेले असतात! हायफायमॅनच्या एचई-६ सारखा आडदांड गडी असेल तर खरंच जोर लागतो, पण असे थोडे.

एकदा मात्र काकांचं मीटरही कमी पडलं. एकानं व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणला होता, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. आवाज जुळवला, पंचा बांधला, तरी सेनहायझरवर सगळ्यांनी तो बरोबर ओळखला. काकांनी कारण सांगितलं. सेनहायझरचे तीनशे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. शंभर हर्ट्झच्या आसपास ते पाचशेच्या घरात जातात. असल्या अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळाही मोठा, म्हणून नेमक्या त्या पट्ट्यात हेडफोनच्या वाट्याला व्होल्ट जास्त येतात आणि खालचे स्वर जाड होतात. एकाच सुरावर जुळवलेल्या मीटरला ते दिसणार कसं? मालकाची कॉलर ताठ. मग त्यानं अ‍ॅम्पला स्वतःचा, कमी ओहमचा प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याचा हेडफोन जोडला. त्याचे ओहम सगळ्या सुरांना जवळपास सारखे, पण इतके कमी की असल्या अ‍ॅम्पला पेलत नाहीत. आवाजही पडला आणि जाडपणाही गायब.

पण गडी अ‍ॅम्प विकायला तयार नाही. त्यानं तिथल्या तिथे तो सेनहायझरच विकत मागितला. भाव अजून ठरतोय. काकांचं म्हणणं, पॅड पार बसलेत, नव्या पॅडचे पैसे आधी कापून घे.