मुलाच्या केसांतली जखम

आमच्या सरकारी रुग्णालयातील श्वानदंश कक्षात सोमवारी गर्दी जास्त असते, कारण रविवारी कुत्रे चावलेली बरीच माणसे ‘उद्या बघू’ म्हणून घरीच थांबलेली असतात. सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार अशाच एका सोमवारी आला. त्याच्या पोटरीत दात खोल रुतले होते आणि जखमेत तंबाखूची भुकटी दाबून भरलेली होती. ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे हळदीच्या आधी तंबाखू हाताला लागते, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही; मात्र ती भुकटी निघेपर्यंत नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पाय धुवावा लागला. हे धुणे पूर्ण पंधरा मिनिटे चालले पाहिजे. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि साबणाने निकामी होतो, त्यामुळे हा उपचार लशीइतकाच मोलाचा आहे. तरीही आमच्याकडे घाईत सर्वांत आधी तोच आटोपता घेतला जातो.

त्याच्यासोबत पाचेक वर्षांचा मुलगा होता. आई वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली होती आणि घरी सांभाळायला कोणी नव्हते, एवढ्याच कारणाने तो आला होता. त्याला काही लागले का, असे मी विचारले तेव्हा वडील म्हणाले, “नाही मॅडम, त्याला नुसता धक्का लागला, पडला तो.” परंतु मुलाचे केस एका बाजूला तेल-हळदीने चिकटले होते. आजीने खरचटल्यावर लावले, असे समजले. मी केस बाजूला केले तेव्हा कानाच्या वर दाताच्या दोन खुणा दिसल्या आणि त्यांतल्या एकीवर वाळलेले रक्त होते.

जखम जेवढी मोठी तेवढा धोका मोठा, असे लोक धरून चालतात. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, म्हणून डोके, चेहरा, मान आणि बोटे यांवरची लहानशी जखमही पोटरीवरच्या मोठ्या जखमेपेक्षा अधिक घातक ठरू शकते. रक्त निघाले की जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत जाते, त्यामुळे लस आणि सिरम दोन्हींची गरज बापाला होती तशीच मुलालाही होती. फक्त मुलाच्या बाबतीत हातात वेळ कमी होता. लशीमुळे शरीरात विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. तोपर्यंत विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडे, म्हणजे सिरम, तिथेच भरावे लागते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. घोड्यापासून बनवलेल्या सिरमची मात्रा दर किलो वजनाला ४० एकक असते. मुलाचे वजन १५ किलो होते, म्हणजे ६०० एकक, आणि आमच्या कुपीच्या हिशेबाने दोन मिलिलिटर. पोटरीत जागा भरपूर असते. टाळूची कातडी मात्र कवटीला घट्ट ताणलेली असते, तिथे औषध थेंबाथेंबाने शिरते आणि मूल जिवाच्या आकांताने रडते. सिस्टरने त्याचे डोके धरले आणि मी दोन्ही खुणांच्या कडेने व तळाशी बारीक सुईने जागा बदलत जेवढे मावेल तेवढे भरले. रडणे ऐकवत नाही म्हणून सारे सिरम मांडीत टोचून मोकळे होणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. सिरम दिल्याची नोंद त्यांच्याकडे व्यवस्थित असते, पण जखमेत काहीच पोहोचलेले नसते.

लशीचे नाव काढताच वडिलांनी आम्हाला रोज ऐकू येणारे वाक्य उच्चारले: “कुत्रं गल्लीतलंच आहे, दहा दिवस बघतो, मेलं तर येतो.” दहा दिवसांचा नियम खरा आहे, पण लोकांपर्यंत त्याचा अर्धाच भाग पोहोचला आहे आणि ते पोहोचवण्यात आमच्या खात्याचा हातभार मोठा आहे. लस त्याच दिवशी सुरू करायची आणि निरीक्षण तिच्या सोबत चालवायचे. कुत्रे किंवा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले, तर उरलेले डोस थांबवण्याचा विचार करता येतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की कोणतेही औषध रुग्णाला वाचवू शकत नाही, त्यामुळे कुत्रे मरण्याची वाट पाहण्यात काहीच हशील नाही. शिवाय तिसऱ्या दिवसाच्या डोसला बापलेक आले तेव्हा ते कुत्रे गल्लीतून नाहीसे झाले होते. कोणी मारले की कुठे निघून गेले, ते कळले नाही. “पीडा गेली,” असे वडील म्हणाले. निरीक्षणाची सोय गेली, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. कुत्र्याला रेबीज होता की नाही हे त्याच्या मेंदूच्या तपासणीनेच ठरले असते, आणि आता ते कधीच ठरणार नाही.

त्याच कुत्र्याने शेजारच्या एका आजींनाही ओरखडले होते, हे त्या दिवशी बोलता बोलता निघाले. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याच्या भीतीने त्या गप्प बसल्या होत्या. ती लस भारतात २००५च्या सुमारासच बंद झाली. वस्तीतल्या आशा सेविकेने घरी जाऊन त्यांच्या तेलुगूत समजावले तेव्हा त्या आल्या. रक्त आले नव्हते, त्यामुळे सिरमची गरज पडली नाही. दंडावर कातडीत लस सुरू केली.

२८व्या दिवशी मुलाला आई घेऊन आली. वडिलांचा शेवटचा डोस मात्र राहिला होता, कारण खाडा केला की मजुरी बुडते. ते संध्याकाळी, कक्ष बंद होताना पोहोचले. उघडलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते, म्हणून एकट्या रुग्णासाठी नवी कुपी फोडायची नाही आणि त्याला ‘उद्या या’ म्हणायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. मी कुपी फोडायला लावली. उरलेली लस नासाडीच्या रकान्यात लिहावी लागली आणि दुसऱ्या दिवशी भांडारपालांनी लेखी खुलासा मागितला. मी तो दोन ओळींत दिला.