भाव सांगायला फाइल कशाला

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघतो. आमच्या ग्रुप मेलवर ६२ जण आहेत, संचालक, गावोगावचे गटप्रमुख, कृषी सहायक, दोन-तीन खरेदीदार. सीझनला रोज सकाळी तूर-सोयाबीनचे भाव जायचे आणि तेही वर्डच्या फाइलमध्ये, कृतिदेवमध्ये टाइप करून, मजकूर म्हणाल तर चार ओळी. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, मग फोनावर फोन. एका काकाजींना तर रेंजसाठी धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागायचं, ते म्हणायचे, "भाऊ, तीनच आकडे असतेत, तं सरळ लिहून काहून नाही पाठवत?"

मी ते मनावर घेतलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये एका खरेदीदाराच्या नावानं मेल आला. विषय आमचाच जुना, खाली आमचाच जुना मजकूर, वर इंग्रजीत एक ओळ की फाइल बघा. नाव ओळखीचं म्हणून त्यामागचा पत्ता काय आहे ते मी पाहिलंच नाही. फाइल उघडली तर वर पिवळी पट्टी, 'एनेबल कंटेंट', दाबलं. आत काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या नावानं तसेच मेल बाकीच्यांना जायला लागले. मला लाज वाटली म्हणून मी एक दिवस कोणाला सांगितलंच नाही, आणि त्या एका दिवसात दोन जणांनी उघडलं. त्यातला एक गटप्रमुख म्हणाला, "तुमच्या नावावर उघडली ना बाप्पा." ते अजून लागतं मला.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की ही युक्ती काही नवी नाही. मार्च १९९९ मधला मेलिसा व्हायरस असाच वर्डच्या फाइलमधून यायचा आणि आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच स्वतःला पाठवायचा. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' आला, त्याच्या फाइलच्या नावात टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, दिसायचं पण खरं शेपूट होतं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, ते शेपूट विंडोज लपवून ठेवायचं, आणि आजही सेटिंग बदललं नाही तर लपवतंच. मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, म्हणजे 'एनेबल कंटेंट' दाबलं की चालू होणारे आतले छोटे प्रोग्राम, आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली, पण आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी जुनं ऑफिस टाकलेले कॉम्प्युटर कितीतरी आहेत, तिथं ती पिवळी पट्टी अजून येते.

आता मला पक्कं वाटतं की चूक त्या दिवशीची नव्हतीच, रोज भावाची फाइल पाठवून पाठवून आम्हीच ६२ जणांना न बघता फाइल उघडायची सवय लावली होती, त्यात एक वाईट फाइल आली तर माणूस ओळखणार कसा? म्हणून आता भाव मेलमध्येच लिहितो, युनिकोडमध्ये, म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता दिसणाऱ्या मराठीत, विषयात पीक आणि तारीख. फाइल लागलीच तर पीडीएफ, आणि वर मराठीत एक ओळ की हे काय आहे, किती पानं आहेत, कोणासाठी आहे. फोटो आधी लहान करतो, कारण मेलमध्ये जोडलेली फाइल एक तृतीयांशानं फुगते, ६ एमबीची ८ होते, आणि धुऱ्यावर उभ्या माणसाला ती उतरवायची असते. सभासदांचे आधार आणि बँक खात्यांचे आकडे सगळ्या ग्रुपला पाठवायचे नाहीत म्हणजे नाहीत, ज्याचं काम त्यालाच. 'धन्यवाद' सुद्धा एकालाच पाठवा राजेहो, ६२ जणांचे मोबाइल कशाला वाजवता. आणि काही गडबड वाटली तर लाजू नका, त्याच तासाला फोन करून सगळ्यांना सांगा.

मागच्या महिन्यात एका संचालकांकडून नुसती फाइल आली, वर एक ओळही नाही. दहा मिनिटांत तिघांचे मला फोन, "उघडू का नोको?" त्यात काकाजीही होते. मी संचालकांना विचारलं, सभेची नोटीस होती. मग त्यांनी ती मेलमध्येच लिहून परत पाठवली, पाच ओळींची.