कपाशीच्या रानात उभी होडी

आमचं काम म्हणजे ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पोची वायरिंग. वाळूजला छोटं गॅरेज आहे. फेब्रुवारीत एक रिटायर साहेब आले न म्हणाले, मिस्त्री, बोटीची वायरिंग कराल का? मला वाटलं चेष्टा करायलेत. पण त्यांच्या शेडमधे ट्रॉलीवर खरंच 20 फुटी शिडाची होडी उभी होती, फायबरची, सुकाणूला चाक नाही नुसता लाकडी दांडा. उन्हाळ्यात मालवणला न्यायची म्हणे.

पहिली चूक सवयीनं झाली. गाडीत आपण निगेटिव्ह बॉडीला टाकतो न मोकळं होतो, तसंच मी लाईटची एकच वायर ओढली न पोऱ्याला म्हणलं अर्थ दे, तर तो म्हणतो उस्ताद कुठं देऊ? फायबरला कुठली बॉडी न कुठली अर्थ! मग सगळ्याला दोन-दोन वायरी, त्यापण कल्हई केलेल्या तांब्याच्या, कारण खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडतं. पाण्याची खोली मोजायच्या सेन्सरसाठी तळाला भोक पाडायला साहेब नको म्हणाले. आतूनच पाईपाचा तुकडा चिकटवला, त्यात एरंडेल भरलं न सेन्सर बुडवला, सेन्सरचा आवाज तेलातून आणि भरीव फायबरमधून खाली पाण्यात जातो, फक्त मधे बुडबुडा राहायला नको. किराणावाला विचारायला एवढं एरंडेल कुणाला, म्हणलं होडीला.

खरा घोळ ऑटोपायलटचा. लांब नळीसारखं यंत्र असतं ते, एक टोक बाजूच्या बाकावर, दुसरं दांड्यावरच्या खुंटीत, दांड्याशी काटकोनात. आतबाहेर सरकून दांडा ढकलतं, आणि दिशा धरायला पोटात स्वतःचा कंपास. शेडमधे चालू केलं तर काहीच्या काही आकडे. साहेबांच्या हातातलं होकायंत्रपण दर चार पावलांवर वेगळी उत्तर दाखवायलं. सगळं शेड लोखंडाचं, ट्रॉलीपण लोखंडाची, मेळ बसणार कसा?

मग गंगापूर रोडला ओळखीच्या माणसाचं कपाशी उपटलेलं रान गाठलं, वरून विजेच्या तारा जात नाहीत असं बघून, कारण शिडाचा खांब उभा करायचा होता. हायड्रा, म्हणजे चाकावरची क्रेन, बोलावला न होडी कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवली (तळाची फळी वर ओढता येते म्हणून जमलं). अर्धं गाव बघायला. तरी यंत्राच्या न हातातल्या होकायंत्राच्या आकड्यात फरक आहेच. वायरींना पीळ दिला, स्पीकर काढला, काही नाही. अंधार पडला तसे साहेब म्हणाले, ध्रुव तर कुठं जात नाही ना. आपल्याकडं तो क्षितिजाच्या 20 अंशच वर, आणि होकायंत्राची उत्तर न खरी उत्तर यात इकडं फरक जवळजवळ नाहीच. हायड्रानं अर्धी वीत उचलली, आम्ही हातानं फिरवली, साहेब मागं बसून खांब न ध्रुवतारा एका रेषेत आणायले. मग हायड्रा लांब पाठवला. उत्तरेला 360 पाहिजे, तर स्क्रीनवर 336. चोवीस अंश चूक म्हणजे समुद्रात माणूस भलत्याच गावाला निघतो.

तेवढ्यात पोऱ्या म्हणतो, उस्ताद, नट ठेवायची वाटी कुठाय? बाकाखाली हात घातला न माझी मॅग्नेटची वाटी बाहेर काढली, यंत्राच्या बरोबर खाली ठेवलेली, सकाळपासून मीच. आकडा पळत 358 वर गेला.

साहेब काही बोलले नाहीत. वाटी घेतली न हायड्रावाल्याच्या हातात दिली, म्हणाले, हिला गंगापूरला सोडून या.