नंबर दिसतो, पण सापडत नाही

'सर, आमच्याकडे चालतंय.' हे वाक्य मी गेल्या पावसाळ्यात इतक्यांदा ऐकलं की आता घरात मिक्सर बंद पडला तरी बायको तेच म्हणून मला चिडवते.

मी निपाणीत एका सौहार्द सहकारी सोसायटीत कामाला आहे. जुन्या सभासदांचे नंबर नुसते आकडे आहेत, ११, ११२ असे. शाखा निघाल्यावर मधे रेघ आली, १-१, ११-२. सर्व्हरवर उबुंटू (त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्सचाच एक प्रकार) १८.०४ चं २०.०४ केलं आणि दोनच दिवसांत एक तंबाखूवाले काका काउंटरवर आले. पासबुकावर १-१. नंबर टाकला तर 'नोंद नाही'. शाखेची पूर्ण यादी छापली तर काका त्यात आहेतच की!

मी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, 'तुमच्या अपडेटनं आमचा डेटा उडवला.' त्यांनी नोंदी मोजल्या, सगळ्या जाग्यावर होत्या. तक्रार बंद.

फोन केला. पलीकडची मुलगी कानडी. सगळं ऐकून म्हणाली, 'आय्तु सर.' आता आय्तु म्हणजे 'बरं'ही आणि 'झालं'ही. ती बरं म्हणाली, मी झालं ऐकलं. चार दिवस गप्प बसलो.

पुढचा डेव्हलपर विचारतोय, 'एरर काय येतो?' आम्ही काही बिघडलं की त्याला एररच म्हणतो, त्याला हवा होता लाल अक्षरातला मजकूर. तो येतच नव्हता, तेच तर दुखणं! मी म्हटलं, 'नंबर दिसतो, पण सापडत नाही.' त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग म्हणाला, बॅकअप पाठवा. पाठवला. उत्तर काय, तर 'आमच्याकडे चालतंय'. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी फोनवर आवाज चढवला. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले.

आणि गंमत म्हणजे तो खरंच बोलत होता. आमच्या बॅकअपमध्ये डेटा जातो, इंडेक्स (नंबर चटकन सापडावा म्हणून क्रमानं लावलेली सूची) जात नाही, नुसती तो बनवायची सूचना जाते. त्याच्या मशीनवर दर वेळी नवा कोरा इंडेक्स तयार व्हायचा. रोग इथंच राहायचा आणि रोगी तिकडं ठणठणीत पोचायचा.

(बॅकअप पाठवणार असाल तर बिघाड तुमच्याच मशीनवर स्क्रीन जोडून दाखवा. मला हे फार उशिरा सुचलं.)

स्क्रीन जोडल्यावर त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या २०.०४ कडे गेलं. 'हे कधी बदललं?' मी सांगितलंच नव्हतं. ते काम गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या पोरानं केलेलं, त्याचा काय संबंध, असं मला वाटलेलं. संबंध हाच. आमच्या पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे सगळा डेटा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अक्षरांचा क्रम ठरतो तो लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारून. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची २.२८ आवृत्ती आली आणि क्रम बदलला. आधी ११, मग १-१ असं लागायचं, आता १-१ आधी. आमचा इंडेक्स जुन्या क्रमानं लावलेला आणि शोध नव्या क्रमानं. रजिस्टरची पानं एका हिशेबानं लावायची नि दुसऱ्या हिशेबानं उलटायची, तसं.

पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कागदपत्रांत तक्रार कशी लिहावी यावर एक भाग आहे. घडलं तेवढंच सांगा, का घडलं याचे तर्क लढवू नका, असं त्यात आहे. माझं पहिलंच वाक्य तर्काचं होतं.

इंडेक्स पुन्हा बांधायला घेतला तर मधेच अडला: १-१ दोनदा आहे. ती करणी माझी. काकांना परत पाठवायला नको म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना 'नवीन सभासद' म्हणून पुन्हा भरलं होतं, आणि बिघडलेल्या इंडेक्सनं ते मुकाट घेतलं होतं. डेव्हलपर काही बोलला नाही, नुसता खाकरला. दोन्ही खात्यांतले हप्ते जुळवायला रात्रीचे नऊ वाजले.

सकाळी काका दारातच उभे. 'सापडलो काय रे मी?'